भूगोलाची पदवी : व्यय आणि फल



भूगोल घेऊन बी. ए. व्हावे काय, असे मोहर्लीचे पालक मजसारख्या निवृत्त शिक्षकास विचारतात. याचे उत्तर हिशेबानेच द्यावयास हवे.

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले, ही मोठी सोय झाली. कला शाखेचे शुल्क फारसे जड नसते. जड होतो तो चंद्रपुरातील खोली-खाणावळीचा खर्च आणि त्या तीन वर्षांत बुडणारी मिळकत. पुढे माध्यमिक शिक्षक व्हावयाचे तर बी. एड. हवे; प्राध्यापकीस एम. ए. आणि नेट वा सेट. उलट वनरक्षकाच्या भरतीस पदवीची अट नाही; बारावीस विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असला की अर्ज करता येतो.

तेव्हा नुसत्या पदवीसाठी शेत गहाण टाकू नये. मात्र ज्या मुलास वा मुलीस नकाशाची खरी गोडी आहे, त्यांनी पदवीबरोबरच संगणकावरील नकाशाशास्त्र व उपग्रहचित्रांचे वाचन शिकावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावा असो, ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प असो की कोळशाची खाण असो, नकाशावाचून कोणाचेच चालत नाही. आपल्या रानाचा नकाशा आपल्याच मुलांनी काढावा, एवढी पात्रता येत असेल तरच हा व्यय सार्थकी लागला असे मी म्हणेन.