सीटी स्कॅन यंत्रातील विजेची कडी



अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचला की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे ? गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र रक्तस्राव असल्यास तेच औषध प्राणघातक ठरू शकते. हा निर्णय बहुधा सीटी स्कॅनवरून होतो. हे चित्र आज काही सेकंदांत मिळते, त्याचे बरेचसे श्रेय ‘स्लिप रिंग’ या भागास आहे.

लंडनमधील एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले. पुढे क्ष-किरण नळी व शोधक रुग्णाभोवती एकत्र फिरविणारी यंत्रे आली. परंतु त्यांना जोडलेल्या तारा गुंडाळल्या जात. रहाटाला गुंडाळलेला दोर उलट फिरविल्यावाचून सुटत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक फेरीनंतर यंत्रास थांबून उलट फिरावे लागे.

१९८७ च्या सुमारास ही अडचण दूर झाली. शाळेतील विद्युत जनित्राच्या आकृतीत दोन कडी व त्यांना टेकलेले कार्बन ब्रश दाखविलेले असतात. तत्त्व तेच. फिरत्या चौकटीवर धातूची कडी असतात आणि स्थिर ब्रश त्यांवर घासत राहून वीज पोहोचवितात. नळीला लागणारा उच्च दाब अनेक यंत्रांत चौकटीवरच निर्माण केला जातो. चित्राची माहिती मात्र आता बहुधा स्पर्शाविना बाहेर येते.

चौकट अखंड फिरू लागल्याने, त्याच वेळी रुग्णाची खाट पुढे सरकवून सर्पिल चित्रण करणे १९८९ च्या सुमारास शक्य झाले. आता एका श्वासाच्या अवधीत संपूर्ण छातीचे चित्र मिळते. लहान मुले, वृद्ध व अपघातग्रस्त यांना त्याचा विशेष लाभ होतो.

तथापि घर्षणाने ब्रश झिजतात व त्यांची भुकटी कड्यांवर साचते. ती वेळीच न काढल्यास वीजप्रवाह खंडित होऊन यंत्र बंद पडू शकते. यास्तव यंत्रखरेदीच्या वेळीच ब्रश बदलणे व कड्यांची सफाई यांची तरतूद देखभाल करारात असणे अगत्याचे आहे. एका झिजलेल्या ब्रशमुळे रुग्णाला दुसऱ्या गावी न्यावे लागले, तर ते साडेचार तास वाटेतच सरतात.