ब्रेक आणि माणसाचा पाय



अपघात झाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला: ड्रायव्हरने ब्रेक का दाबला नाही? मी मोटार कामगारांचा माणूस. मी उत्तर दिले तर ते पक्षपाती ठरेल. म्हणून ते एका कारखानदाराच्या प्रयोगशाळेतून आणतो.

जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीने बर्लिन येथे एक यंत्र उभारले होते. त्यात बसून माणूस रस्त्यावर असल्याप्रमाणे मोटार चालवतो. अपघात मात्र खोटा. १९९० नंतरच्या वर्षांत तेथे चालकांपुढे अचानक संकट उभे करून पाहिले. आढळले असे, की बहुसंख्य लोक ब्रेकवर पाय झटकन टाकतात, पण पुरेशा जोराने दाबत नाहीत. दानत होती, चपळाई होती. कमी पडला तो दाब.

ही उणीव केवढ्याला पडते? ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेकने सुमारे १७ मीटरांत थांबते. ब्रेक निम्माच लागला तर ३५ मीटर हवेत. पहिली मोटार जेथे थांबली, तेथे दुसरीचा वेग किती असेल? तुम्ही म्हणाल, निम्मा, ३०. नाही, अजून ४२! रस्ता ओलांडणाऱ्या पोराचा जीव या आकड्यात अडकलेला आहे.

१९९६ साली त्या कंपनीने आपल्या गाड्यांत ‘ब्रेक असिस्ट’ आणला. युक्ती साधी आहे. पाय किती वेगाने पडला, हे तो पाहतो. वेग नेहमीपेक्षा फार असला की संकट ओळखून पूर्ण दाब स्वतः देतो. चाके जाम होऊ नयेत हे एबीएस पाहते. पाय उचलला की मदत थांबते. निर्णय माणसाचा, बळ यंत्राचे.

युरोपीय संघाने २००९ च्या नियमाने तो नव्या मोटारींना सक्तीचा केला. आणि तो नियम गाडीत बसणाऱ्यांसाठी नव्हता. पायी चालणाऱ्यांच्या रक्षणासाठी होता!

पण मंडळी, पाय ब्रेकवर पडलाच नाही तर? चौदा तास चाक धरून डोळा लागलेल्या माणसाला ब्रेक असिस्ट जागे करीत नाही. गुळगुळीत टायरला तो रस्ता धरायला लावीत नाही. आता आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांचे स्वागतच आहे. परंतु १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. तोही एक ब्रेकच होता, मालकाच्या लोभाला लावलेला.

शास्त्रज्ञांनी माणसाच्या पायाला दोष दिला नाही. त्याला जोड दिली. आपणही ड्रायव्हरची कॉलर धरण्यापूर्वी एवढे विचारावे: हा किती तास चाकावर होता? ब्रेक आणि टायर कोणी तपासले, आणि केव्हा?