काचबिंदूवरील शस्त्रक्रिया : धोका कोणाला, दक्षता कोणती?



मोतीबिंदू काढला की दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील दाबामुळे दृष्टीच्या मज्जातंतूला झालेली इजा भरून येत नाही. शस्त्रक्रिया केली जाते ती उरलेली दृष्टी राखण्यासाठी. हा भेद आधीच समजला नाही, तर यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही घरात निराशा पसरते. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज २०१० साली मांडला गेला; त्यांतील बहुसंख्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

इंग्लंडमधील जॉन केर्न्स यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली ‘ट्रॅबेक्युलेक्टॉमी’ ही आजही यातील प्रमुख शस्त्रक्रिया होय. वरच्या पापणीखाली झडपेसारखी वाट करून डोळ्यातील पाणी बाहेरच्या पातळ आवरणाखाली झिरपू दिले जाते. तेथे लहानसा फुगवटा तयार होतो. पुढील गुंतागुंती तीन प्रकारच्या.

पहिली, ही वाट बुजणे. तरुण वय, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, डोळ्याचा दाह आणि वर्षानुवर्षे घातलेले थेंब यांमुळे व्रण लवकर धरतो. तो टाळण्यासाठी मायटोमायसिन वापरतात. मात्र त्याने फुगवट्याचे आवरण पातळ होऊ शकते.

दुसरी, दाब एकाएकी उतरून डोळ्याच्या आत रक्तस्राव होणे. वाढलेले वय, चष्म्याचा मोठा उणे नंबर, उच्च रक्तदाब, आधीचा फार चढलेला दाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांनी हा धोका वाढतो. अशा गोळ्यांची माहिती शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य द्यावी. परंतु त्या परस्पर बंद करू नयेत, कारण हृदयाला अपाय संभवतो.

तिसरी, जंतुसंसर्ग. पातळ वा पाझरणारा फुगवटा आणि पापण्यांच्या कडांची सूज ही त्याची निमित्ते. तो अनेक वर्षांनंतरही होऊ शकतो. म्हणून डोळा लाल होणे, ठणकणे, पू येणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. केडगावाहून नगर दूर नाही. दूर असतो तो आपला ‘उद्या’.

काही दक्षता आपल्या नित्यक्रमाशी निगडित आहेत. खाली वाकल्याने डोळ्यावरील ताण वाढतो. म्हणून डॉक्टर अनुमती देईपर्यंत पंचांग नमन न करता बसूनच हात जोडावेत. जोराचा खोकला व बद्धकोष्ठ यांवर वेळीच उपचार घ्यावेत. थेंब घशात उतरतील या शंकेने उपवासात ते चुकवणे मात्र घातक ठरते. डोळ्यावर भार न देता नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरण्याची रीत डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. तसे केल्याने थेंब घशाकडे फारसे जात नाहीत. प्रत्याख्यान घेण्यापूर्वी साधुसाध्वीजींना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारावे.

शेवटी एक विनंती. हा विकार अनेकदा कुटुंबातून येतो. घरात एकाला काचबिंदू असेल, तर भावंडांनी व मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत. वेळीच निदान झाले, तर बहुतेकांचे थेंबांवरच भागते.

सर्वांची दृष्टी निर्मळ राहो. जय जिनेंद्र!