शब्दाचा अर्थ आणि शब्दाची छाया

(पीपलरावां येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या संगोपनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली. मी शब्दांविषयीच बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी परिचयाच्या एका घरी आजोबा फार आजारी होते. त्यांना तपासणीसाठी इंदूरला नेले होते. शेजारच्या सात वर्षांच्या मुलाने दारात येऊन सहज विचारले, "आजोबा गेले का?" घरात एकदम शांतता पसरली. आजींनी डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी त्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला आणि ते रडत घरी परतले. त्याचे वाक्य शुद्ध होते, हेतू निर्मळ होता. 'गेले' या शब्दावर मृत्यूची छाया पडते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. जे आपण शिकवलेच नाही, त्याबद्दल आपण त्याला शासन केले!

आपल्या मराठी घरांत ही छाया ओळखण्याची रीत जुनी आहे. आपण देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो. निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. हिंदीतही दुकान बंद करण्याला 'दुकान बढ़ाना' म्हणतातच. साहित्यशास्त्रानेही याचा विचार केला आहे. ज्यांतून लज्जा, किळस किंवा अमंगल सूचित होते, असे तीन प्रकारचे शब्द मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सदोष ठरवले. आपल्या शेजारच्या धारानगरीत 11 व्या शतकात राज्य करणाऱ्या भोजराजानेही 'सरस्वतीकंठाभरण' या ग्रंथात शब्ददोषांची चर्चा केली आहे. राजाला जे विचारार्ह वाटले, ते आपण मुलांना सांगण्यास संकोच का करावा?

मालव्यात वाढणाऱ्या आपल्या मुलांपुढे आणखी एक पेच आहे. शाळेत हिंदी, घरात मराठी; आणि शब्द तोच, छाया मात्र निराळी. हिंदीत 'शिक्षा' आदराची, मराठीत ती दंडाची. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मराठीत 'प्रपंच' म्हणजे घरसंसार. हिंदीत त्याच शब्दाला ढोंगाचा, लबाडीचा वास येतो. पुण्याच्या मावशीला "मी पुष्कळ चेष्टा केली" असे पत्र येथील मुलाने लिहिले, तर तिने काय समजावे? अशा वेळी मुलाला हसू नये. त्याला दोन भाषांचे धन लाभले आहे. त्याची मोजदाद करण्यास तेवढे शिकवावे.

आता थोडे आपल्याविषयी. एकच मूल आपण 'चौकस' म्हणतो किंवा 'भोचक' म्हणतो. 'निग्रही' म्हणतो किंवा 'हट्टी' म्हणतो. 'भोळे' म्हणतो किंवा 'बावळट' म्हणतो. मुलाचे वर्तन तेच असते, आपली दृष्टी तेवढी बदलते. परंतु रोज 'बावळट' ऐकणारे मूल हळूहळू तो शब्द आपले नाव म्हणून स्वीकारते. जातीवरून हिणवणाऱ्या शब्दांचे घाव तर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महाराष्ट्र शासनाने 2020 साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो याच जाणिवेतून.

तथापि, मुलांना केवळ गोड शब्द शिकवा, असे माझे म्हणणे नाही. गोड शब्दांआडही असत्य लपते. लाचेला 'चहापाणी' म्हटल्याने ती पवित्र होत नाही. हुंड्याला 'मानपान' म्हटल्याने वधूपित्याचे कर्ज फिटत नाही. जो मुलगा शब्दाची छाया ओळखतो, तो इतरांचे मन दुखवणार नाही आणि स्वतः फसणारही नाही. हे दुहेरी शिक्षण होय.

त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. सायंकाळच्या आरतीनंतर मुलांना एक जोडी द्यावी: 'काटकसरी' आणि 'चिकट', 'उदार' आणि 'उधळ्या'. मग तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोण बोलतो? कोणाविषयी बोलतो? आणि हाच शब्द तुझ्याविषयी कोणी बोलला, तर तुला कसे वाटेल? उत्तर चुकले तरी रागावू नये. या गावाच्या नावात पिंपळ ऐकू येतो. 'पिंपळ' म्हणताच एखाद्या मुलाला पार आणि सावली आठवेल, तर एखाद्याला मुंजाचे भय वाटेल. दोघांचेही ऐकून घ्यावे. शब्दाशी कोणाच्या कोणत्या आठवणी जोडल्या आहेत, हे ऐकण्यातच निम्मा पाठ होतो.

त्या घरचे आजोबा पुढे बरे होऊन परतले. त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावून सांगितले, "बाळ, 'आजोबा कुठे आहेत?' असे विचारावे." एवढेच वाक्य धपाट्याआधी सांगितले गेले असते, तर किती बरे झाले असते! आपल्या घरांत ते आधी सांगितले जावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. जातो म्हणत नाही, येतो.