नजर कोठे ठरावी?



आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेचे पदवीधर, आणि आयुष्य गेले केंद्र सरकारच्या फायलींत. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, याचे कारण आमचे धाकटे बंधू. जुन्या सभासदांना ते आठवत असतील. मंडळाच्या नाटकाला ते न चुकता येत. पण पाठ इतकी वाकलेली, की पुढच्या खुर्चीची पाठच पाहून परतत.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा संधिवाताचा एक प्रकार. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. सकाळी पाठ आखडते, हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते. म्हणून घरची माणसे प्रथम त्याला आळस समजतात. (आम्हीही समजलो होतो.) पुढे काहींचे मणके हाडाने एकमेकांस जोडले जातात आणि क्ष-किरण चित्रात कणा बांबूसारखा दिसू लागतो. तो वाकलेल्या स्थितीत गोठला, की समोरून येणाऱ्याचा चेहराही दिसेनासा होतो.

यावर शस्त्रक्रिया आहे. स्मिथ-पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली कण्याचे हाड छेदून बाक काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १९८५ साली थोमासेन यांनी मणक्यातून पाचरीएवढे हाड काढून ती फट मिटविण्याची पद्धत वर्णिली. अशा एका पाचरीने सुमारे ३० अंशांचा बाक निघतो.

आम्ही शल्यविशारदांना विचारले, "कणा किती सरळ होईल?" ते म्हणाले, "सरळ किती, हा प्रश्नच नाही. उभे राहिल्यावर यांची नजर कोठे पडेल, ते सांगता आले पाहिजे." त्यांनी क्ष-किरण चित्रावरून कागदी आकृती काढली, पाचर कापली व वरचा भाग फिरवून दाखविला. निरोगी कण्यात एक जागा बदलली की इतर मणके आपापल्या परीने हलतात. येथे सारे जोडलेले; म्हणून वरचा भाग बिजागरीवरच्या फळीसारखा अखंड फिरतो. कोन तोच ठेवून पाचर खालच्या मणक्यात घेतली, तर धड अधिक मागे सरते. नजर मात्र तितक्याच अंशांनी उचलते.

हा हिशेब फसतो तो कमरेखाली. वाकलेला मनुष्य तोल सावरण्यासाठी कटीची हाडे मागे झुकवितो, गुडघे दुमडतो. कणा सुधारला की ही कटी काही अंशी पूर्वपदावर येते आणि मिळविलेल्यातील थोडे परत जाते. किती, ते खुब्याचे सांधे किती मोकळे आहेत यावरही अवलंबून. आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर रोगी तर आडवा!

बरे, अधिक सरळ करावे, तर मानही गोठलेली असल्याने नजर आभाळाला लागते. पायरी दिसत नाही, पुढ्यातले ताट दिसत नाही. म्हणून त्यांनी विचारले, "आपण काम कोणते करता?" बंधू मुद्रितशोधक. नजर किंचित खाली ठेवण्याचे ठरले. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडण्याचा धोकाही त्यांनी लपविला नाही. संमतिपत्रावर सही करण्यास बंधूंनी तीन आठवडे घेतले. तेवढ्या दिवसांत घरात कोणी त्या कागदाचा विषय काढला नाही.

नजर अंदाजापेक्षा थोडी खालीच राहिली. गेल्या गणेशोत्सवातील नाटक त्यांनी तिसऱ्या रांगेतून पाहिले, आणि नायकाच्या मिशा वाकड्या लागल्याचे घरी येऊन सांगितले. जिना उतरताना मात्र ते अजून कठडा सोडत नाहीत.