फेस, जाळी आणि आरोग्य



स्नानाच्या वेळी साबण हातावर चोळला तर फेस बेताचाच येतो. तोच साबण जाळीच्या घासणीवर चोळला तर भरपूर येतो. साबण तोच, पाणीही तेच. मग फरक कशाचा? तो हवेचा आहे. जाळीच्या असंख्य छिद्रांत साबणाच्या पाण्याचे पातळ पडदे धरतात व जाळी चुरगाळताच त्यांत हवा कोंडली जाऊन बुडबुडे होतात.

म्हणून घासणी करताना वा निवडताना जाळी मऊ असावी, तिच्या पुष्कळ चुण्या मध्यभागी दोरीने घट्ट बांधलेल्या असाव्यात आणि टांगण्यासाठी त्याच दोरीचा फास ठेवावा. छिद्रे फार मोठी असल्यास फेस धरत नाही; फार बारीक असल्यास घासणी लवकर वाळत नाही.

हे वाळणेच सर्वांत महत्त्वाचे. ओलसर घासणीत त्वचेचा मळ अडकतो व त्यावर रोगजंतू वाढतात. सुकलेल्या घोसाळ्याच्या घासणीतून असे जंतू त्वचेवर जाऊ शकतात, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. यास्तव स्नानानंतर घासणी धुऊन, पिळून, वाऱ्यावर टांगावी. एकाची घासणी दुसऱ्याने वापरू नये. वसतिगृहांतील शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष पुरवावे.

बाजारातील जाळी बहुधा प्लॅस्टिकची असते व ती कुजत नाही. परसातील वेलावर सुकलेले घोसाळे, म्हणजेच गिलके, तेच काम करते आणि झिजल्यावर खताच्या खड्ड्यात जाते. मात्र घासणी कोणतीही असो, ती कोरडी ठेवण्याचा नियम एकच आहे.