ऐकणारं माणूस गावातच हवं



सीमाभागातल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद हा मोठा मान आहे. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००० साली य. दि. फडके याच शहरात अध्यक्ष होते. आपल्या भागातली संमेलनं भाषेच्या प्रश्नाला कधी विसरली नाहीत, आणि मीही विसरणार नाही. पण मी पेशाने डॉक्टर आहे. माणसं ज्या दुखण्याबद्दल सगळ्यांत कमी बोलतात, त्या नैराश्याबद्दल आणि चिंताविकाराबद्दल मला आज बोलायचं आहे.

हे आजार दवाखान्यात स्वतःच्या नावाने येत नाहीत. डोकं जड आहे, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, जीव घाबरतो, झोप लागत नाही, जेवण जात नाही, अशा तक्रारी घेऊन ते येतात. रक्त तपासलं जातं, छातीची पट्टी काढली जाते, सगळं ठीक निघतं. मग ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून ताकदीचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं जातं. गुण आला नाही की अंगारा, उतारा, देवऋषी. या फेऱ्यांत वर्षं जातात आणि घरचे म्हणू लागतात, ‘कामाचा कंटाळा आहे, दुसरं काय!’ त्या शब्दाने माणूस आणखी खचतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं असतं. त्यातल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणजे या मंडपातल्या प्रत्येक चार-पाच घरांमागे एका घरात हा आजार येऊन गेला असेल किंवा आज असेल, आणि बहुतेक घरांनी तो मुकाट सोसला असेल.

साहित्याच्या मंचावर एक भेद मला स्पष्ट करायला हवा. दुःख म्हणजे आजार नव्हे. इंदिरा संत याच बेळगावच्या. १९४६ मध्ये त्यांचे पती ना. मा. संत गेले. त्यानंतरच्या त्यांच्या कवितेत विरहाची कळ आहे, पण शिकवणं, मुलांना वाढवणं आणि लिहिणं चालूच राहिलं. दुःखाला औषधाची गरज नसते, सोबतीची असते. नैराश्य वेगळं. दोन आठवडे आणि त्याहून अधिक काळ, दिवसभर, कशातच मन लागत नाही. झोप, भूक, कामाची उमेद सगळं बिघडतं. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटू लागतं आणि जगूच नये हा विचार डोकावतो. ही अवस्था आजाराची आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

ती येते कुठून? अलीकडच्या संशोधनाने सोपी उत्तरं बाजूला सारली आहेत. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य कमी झालं की नैराश्य येतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये जोआना मोन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या समजुतीला सातत्याने आधार मिळाला नाही. याचा अर्थ गोळ्या फुकट आहेत असा काढू नका. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांतल्या १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र पाहिली गेली. अभ्यासलेली २१ औषधं निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. हा फरक सरासरीने माफक आहे, पण आजार तीव्र असेल तर या गोळ्यांचा मोठा आधार होतो. औषध कसं काम करतं याची जुनी कथा अपुरी होती, एवढंच.

आनुवंशिकतेचंही तसंच. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९ देशांतल्या पन्नास लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. नैराश्याशी संबंधित ६९७ जनुकीय फरक सापडले आणि प्रत्येकाचा वाटा अगदी लहान. ‘नैराश्याचं जनुक’ असं काही नाही. घराण्यात हा आजार असला म्हणून मुलीचं लग्न मोडणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

उरलेलं पुष्कळसं कारण आपल्या जगण्यात आहे. गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाळंतिणींच्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून आलेली नाराजी, ही त्यामागची ठळक कारणं होती. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखात मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी गरिबी आणि नैराश्य यांचा दुहेरी संबंध पुराव्यानिशी मांडला. उत्पन्न बुडालं की आजार वाढतो, आजार वाढला की कमाई घटते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट पैसे मिळाल्यावर आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाल्या.

हे वाचताना मला निपाणीच्या वखारी दिसतात. तंबाखूच्या भुकटीत दिवस काढणाऱ्या आणि रोजची हजाराची मोजणी भरावी म्हणून रात्री दिव्याखाली विड्या वळणाऱ्या बाया दिसतात. पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी हे जग मराठी कथेत आणलं. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांनी याच निपाणीत गोळ्या झेलल्या. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा यांचं पाणी गावांत शिरलं. पाणी ओसरलं की पंचनामा होतो. पडलेल्या भिंतीचा, वाहून गेलेल्या उसाचा होतो. पण पुढे महिनोन्‌महिने पाऊस वाजला की धसकून उठणाऱ्या माणसाचा कुणी करत नाही.

आता उपचारांकडे येतो, कारण आशेचा भाग इथे आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे १९९६ पासून ‘संगाथ’ ही संस्था काम करते. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला. मानसोपचारतज्ज्ञ इतके कमी असताना, गावातल्या साध्या शिकलेल्या माणसाला तयार करून हा उपचार देता येईल का? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. समुपदेशकांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, फक्त प्रशिक्षण आणि देखरेख होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्या भेटींत उपदेश नव्हता. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. भजनाला जाणं सुटतं, शेजारणीकडे बसणं सुटतं, बांधावरची फेरी सुटते. जेवढं सुटतं तेवढं मन खचतं, आणि खचलं की आणखी सुटतं. समुपदेशक हे चक्र रुग्णाला दाखवतो आणि त्याच्याबरोबर बसून अगदी लहान काम ठरवतो. उद्या अंघोळ करून अंगणात बसायचं, परवा बहिणीला फोन करायचा, मंगळवारी भजनी मंडळात अर्धा तास बसायचं. उमेद येण्याची वाट पाहायची नाही, आधी कृती करायची. पुढच्या भेटीत काय जमलं, काय अडलं ते बोलायचं. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना समुपदेशन शिकवून रुग्णांशी बोलायला बाकावर बसवलं, तिथेही गुण दिसला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ उपक्रम झाला, तेव्हा मदत मिळालेल्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचारही घटले.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. चालणं, योगासनं, अंगमेहनतीचे व्यायाम यांनी नैराश्य कमी होतं, हे २०२४ मध्ये २१८ अभ्यासांच्या आढाव्यात दिसलं. चिंताविकारात ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवणारा उपचार प्रभावी आहे. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यांची सवय लागते. नैराश्याची औषधं बरं वाटल्याबरोबर मनाने बंद करू नका. आणि कुणी खचलेला दिसला तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट, मायेने विचारा. विचारण्याने तो विचार मनात पेरला जात नाही, बोलायला वाट मिळते.

आता भाषेचा प्रश्न. फोडाची शस्त्रक्रिया कुठल्याही भाषेचा डॉक्टर करील. पण बोलणं हाच उपचार असेल तर तो रुग्णाच्या भाषेतच व्हायला हवा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचं बंधन घालतो. म्हणून आपल्या तालुका रुग्णालयांत मराठी जाणणारा समुपदेशक मागणं ही वैद्यकीय गरज आहे. जत आणि अक्कलकोटच्या कन्नडभाषकांसाठी महाराष्ट्र सरकारकडेही मी याच जोराने हीच मागणी करतो. आजारी माणसाच्या बाबतीत आपला न्याय दोन्हीकडे सारखाच असला पाहिजे.

या संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात तीन ठराव मांडावेत, अशी माझी विनंती आहे. पहिला, प्रत्येक गावातून किमान एक बाई आणि एक पुरुष अशा समुपदेशनाच्या प्रशिक्षणासाठी पुढे यावेत आणि त्यांच्यामागे डॉक्टरांची देखरेख असावी. दुसरा, गावचं वाचनालय आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना बसायला मिळावं. वाचनालयात जाताना कुणाला लाज वाटत नाही. तिसरा, लेखकांनी या आजारावर खरं आणि सोपं लिहावं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाने हा विषय सुवर्णकमळापर्यंत नेला, कथेने आणि गावच्या नाटकाने तो ओट्यापर्यंत न्यावा.

ज्याला आजच गरज आहे त्याने ठरावाची वाट पाहू नये. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. जवळच्या सरकारी रुग्णालयात जा, धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत जा. आपल्या लोकांनी भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. ती भाषा आता खचलेल्या शेजाऱ्याच्या कामी यावी. प्रशिक्षणासाठी तयार असणाऱ्यांनी आज घरी जाण्याआधी संयोजकांकडे नाव द्यावं. पहिलं नाव माझं लिहून घ्या.

जय मराठी!